‘चेबुराश्का’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : रशियन बालकथेतल्या मोठ्या कानांच्या प्राण्याच्या ‘चेबुराश्का’ या नावाला काही अर्थ आहे का? आणि मराठीत ‘चेबुराश्काचे कान’ म्हणायचे की ‘चेबुराश्क्याचे’? लेकीला गोष्ट सांगताना दर वेळी अडखळते.

प्रतिसाद : अर्थ आहे, आणि फार गोड आहे. एदुआर्द उस्पेन्स्की यांच्या १९६६ च्या पुस्तकात हा अनोळखी प्राणी दुकानात आलेल्या संत्र्यांच्या खोक्यातून निघतो. पोटभर संत्री खाऊन तो आतच झोपलेला असतो. त्याला टेबलावर बसवतात, तर थोडा वेळ इकडेतिकडे बघून तो खुर्चीवर पडतो, आणि खुर्चीवरून जमिनीवर. तेव्हा दुकानाचा व्यवस्थापक त्याला ‘चेबुराश्का’ म्हणतो. बोली रशियनमध्ये ‘चेबुराख्नुत्स्या’ म्हणजे धप्पकन पडणे. लांबलचक कोट घालून चालताना सारखी पडणाऱ्या एका चिमुरडीमुळे हे क्रियापद आपल्या कानावर आले, असे लेखकाने पुढे सांगितले. शब्द मात्र जुना आहे. एकोणिसाव्या शतकातल्या दाल यांच्या रशियन कोशात ‘चेबुराश्का’ म्हणजे कशीही टाकली तरी उभी राहणारी बाहुली.

पडणे आणि उठणे, दोन्ही एकाच नावात! म्हणूनच स्वीडिश लोकांनी त्याला ‘द्रुत्तेन’ केले, लिथुआनियनांनी ‘कूलवेर्स्तुकास’. पहिले नाव स्वीडिशमधल्या पडण्याच्या क्रियापदावरून, दुसरे लिथुआनियनमधल्या कोलांटी खाण्याच्या शब्दावरून. मराठीत मी ‘धडपड्या’ म्हणेन. धडपडणे म्हणजे ठेचकाळत पडणे, आणि नेटाने खटपट करणेही. दाल यांची बाहुली या एका शब्दात मावते.

तरी मूळ नाव ठेवायचे तर ‘चेबुराश्काचे’. घोडा-घोड्याचे हे सामान्यनामाला ठीक, विशेषनामाला नको. आपण ‘बाप्पाचे’ म्हणतो तसेच. ‘चे’चा उच्चार ‘चेहरा’तल्यासारखा, जोर ‘रा’वर. रशियनमध्ये ‘आ’कारान्त नामे बहुधा स्त्रीलिंगी, तरी हा पुल्लिंगीच चालतो, म्हणून आपलाही ‘चेबुराश्का आला’ बरोबर.

दुसरा प्रतिसाद : रशियनांनी हा शब्द पुढे कुठे कुठे नेला, तेही बघा. पंखांच्या वर इंजिने असलेले आन्तोनोव ७२ विमान, मासे धरायच्या गळाला वजन म्हणून बांधायचे कड्यांचे शिसे, अर्ध्या लिटरची काचेची बाटली, सगळ्यांना ‘चेबुराश्का’ म्हणतात. विमान आणि शिसे कानांमुळे. बाटली मात्र त्याच नावाच्या शीतपेयामुळे. ते थाळीएवढे कान चित्रकार लिओनिद श्वार्त्समान यांचे, १९६९ च्या रोमान काचानोव यांच्या बाहुलीपटातले. असे बाहुलीपट चारच, शेवटचा १९८३ चा. तरी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला चेबुराश्का रशियन संघाचा शुभंकर होता, जपानमध्ये त्याचे नवे बाहुलीपट निघाले आणि १ जानेवारी २०२३ ला आलेल्या रशियन चित्रपटाने रशियातले कमाईचे विक्रम मोडले. बाहुल्या हलवून एकेक चौकट टिपलेले ते जुने काम आजही पाहावे. कान हलतात तेव्हा हाताची ऊब जाणवते.

प्रश्नकर्ती : दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री ‘धडपड्या’ म्हणून बघितले. लेकीने लगेच विचारले, “पडला तरी रडत नाही का तो?” आज तिला टेबल आणि खुर्चीचा प्रसंग सांगणार आहे.