शेफिल्डचे रंधे अजून बनतात

बरेच जण म्हणतात की इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराची सुतारी हत्यारं आता जुन्या बाजारातच मिळायची. तसं नाही हो. करवती बनवणाऱ्या थॉमस फ्लिन या तिथल्या कौटुंबिक कंपनीने 2014 मध्ये क्लिफ्टन या नावाच्या रंध्यांचं काम स्वतःकडे घेतलं, नाहीतर तेही बंदच पडायचं. क्लिफ्टनची खरी गंमत पात्यावरच्या पट्टीत आहे. ती दोन तुकड्यांची. खालचा तुकडा नुसता उचलला की पातं धार लावायला मोकळं, स्क्रू सोडवत बसायला नको. ही युक्ती मूळची रेकॉर्ड या कंपनीच्या जुन्या रंध्यांची. क्लिफ्टनची किंमत मात्र डोळे पांढरे करणारी! नवशिक्याने आधी जुना रेकॉर्ड रंधाच शोधावा, फक्त तळाला तडा नाही ना, हे नीट बघून.