नवी गोधडी देण्याआधी धुवायची की नाही? (सल्ला हवा, बजेट ५०० रुपये)

आबोली_फोंडा
नमस्कार. बहिणीच्या बाळासाठी हाताने गोधडी शिवून झाली आहे. बारसं बेळगावला, आजपासून १६ दिवसांनी. धुवून द्यायची की तशीच, हे ठरत नाही. सगळं सविस्तर लिहिते म्हणजे नेमकं सांगता येईल.

माप ३६ × ४८ इंच. वरचा थर जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांचा, मध्ये जुन्या धोतराचे दोन थर. खालचं अस्तर नवं मांजरपाट, न धुता लावलेलं. कडेचा गोट तांबड्या चौकडीच्या कुणबी कापडाचा, तोही नवा आणि न धुतलेला. धावदोरा अर्ध्या इंचावर, पांढऱ्या सुती दोऱ्याने. रेषा आखायला पाण्याने जाणारं निळं पेन, काही ठिकाणी पेन्सिल. वजन ७०० ग्रॅमच्या आसपास.

घरी मशीन नाही. साबण, लाँड्री, जे काय ते ५०० रुपयांत बसायला हवं. आणि पाऊस चार दिवस झाले सुटलेला नाही.

वाकळवाली_पेडणे
धुवायचीच. लहान मुलाची वस्तू आहे, ते कोपरा तोंडात घालणार. कोऱ्या मांजरपाटात खळ असते, शिवाय कच्च्या सुताचा मेणचटपणा असतो. म्हणून तर नव्या मांजरपाटावर पाणी टाकलं की ते आत न जाता वरच्या वर ओघळतं. पहिल्या पाण्याचा रंग चहासारखा निघाला तर घाबरू नकोस, ती खळ आणि सरकीची घाण.

आणि आटायचं ते आत्ताच आटू दे. कोरं मांजरपाट शेकडा ५ तरी आटतं. ४८ इंचात ते जवळजवळ अडीच इंच झाले. बहिणीने पहिल्यांदा धुतल्यावर गोधडी आखूड झालेली तिने बघायची, की तू बघून द्यायची?

रिठ्याची १० ते १२ टरफलं रात्री भिजत घाल, सकाळी २० मिनिटं उकळ, गाळून घे. त्या कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेव आणि हाताने दाबून दाबून काढ. पिळायची नाही. खर्च ५० रुपयेसुद्धा नाही.

सुईदोरा_मडगाव
मुळीच धुवू नका. वरचे आणि मधले थर जुने, म्हणजे आटायचे ते केव्हाच आटून झालेत. नवं फक्त अस्तर. ते एकटं आटलं की वरचा थर त्याच्यावर सुटा पडतो आणि कडा खालच्या अंगाला वळतात, परातीसारख्या. इस्त्रीने ते सरळ होत नाही. बारशाला दहा बायका हातात घेऊन बघणार, तेव्हा ती सपाट आणि कडक दिसली पाहिजे. धुणं नंतर होतच राहतं.

वाकळवाली_पेडणे
@सुईदोरा, धावदोरा अर्ध्या इंचावर आहे, हे वाचलंत का? टाके इतके जवळ असले की आटलेलं कापड प्रत्येक दोन ओळींमध्ये थोडं थोडं वाटलं जातं. परात होते ती टाके तीन-चार इंचांवर असले तर. इथे नुसत्या बारीक सुरकुत्या पडतील, आणि वाकळेला त्याच शोभतात. दोराही सुती आहे हे चांगलं. पॉलिस्टरचा असता तर कापड आटून दोरा तेवढाच राहिला असता आणि वर सैल फासे दिसले असते. त्यात बाळाची बोटं अडकतात.

म्हापसेकर
फ्रंट लोड मशीन घ्या. ७ किलोचं तीस हजारांच्या आसपास मिळतं आणि हा प्रश्न कायमचा सुटतो. नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम, थंड पाणी, स्पिन ६०० च्या वर नाही. वरून कपडे टाकायच्या ज्या मशीनमध्ये मधोमध खांब असतो, तिच्यात गोधडी कधी घालू नये. खांबाला गुंडाळली जाते आणि टाके ओढले जाऊन तुटतात, तेही कोपऱ्यातले पहिले. आमच्याकडे डबल बेडच्या गोधड्या निघतात, एक टाका हललेला नाही.

आबोली_फोंडा
दादा, बजेट ५०० आहे.

म्हापसेकर
हप्त्यावर मिळतं. एकदा घेतलं की दहा वर्षं बघायला नको.

रंगारी
खळ, आटणं सगळं बरोबर, पण खरा धोका गोटाचा आहे आणि त्याबद्दल कोणीच बोललेलं नाही. तांबडा, काळपट लाल आणि गडद निळा हे सुतावरचे सुटणारे रंग. मांजरपाट पांढरं. गोट ओला राहून अस्तराला चिकटला की कडेने गुलाबी पट्टा उठणारच. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, म्हणजे रंग पसरायलाही तेवढाच वेळ मिळतो.

गोटाच्या कापडाचा उरलेला तुकडा असेलच. काचेच्या पेल्यात गरम पाणी घ्या, चिमूटभर साबणपूड टाका, तुकडा अर्धा तास ठेवा. मग बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर ओलाच पसरा आणि वाळू द्या. पाणी रंगलं पण फडकं स्वच्छ राहिलं तर वरवरचा जादा रंग होता, दोन-तीन पाण्यांत जाईल. फडकं रंगलं तर गोधडी पाण्यात घालू नका.

कोणी मीठ, व्हिनेगर किंवा तुरटी सांगेल. तयार सुती कापडाचा सुटा रंग त्यातल्या कशानेही बसत नाही. मीठ रंगवताना भांड्यात घालतात, रंग सुताकडे ओढायला. व्हिनेगर लोकर आणि रेशमाच्या रंगांसाठी. तुरटी झाडपाल्याच्या रंगात, तीही रंगवण्याआधी. सुटा रंग काढून टाकणं एवढाच उपाय.

डिचोलीची_मावशी
गो बाय, धुवूनच दे. मांजरपाटात खळ असते आणि खळीला कसर लागते. रिठ्याने धू. तांबडा रंग जात असेल तर मूठभर मीठ टाक पाण्यात. वाळवून झाली की डांबराच्या दोन गोळ्या घालून बांधून ठेव बारशापर्यंत.

रंगारी
मावशी, मिठाचं वर लिहिलंय. आणि डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, हे मनापासून सांगतो. त्यात नॅफ्थलीन असतं. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी हे एन्झाइम जन्मापासून कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या वासानेही फुटू शकतात आणि कावीळ वाढते. गोळ्यांत ठेवलेले कपडे नवजात बाळाला घालूच नयेत. कसरीसाठी कडुलिंबाचा वाळलेला पाला पातळ फडक्यात बांधून ठेवा, बाळाला द्यायच्या आधी काढा.

केपेंकार
एक गोष्ट. ही गोधडी झाली, वाकळ नव्हे. वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून शिवलेली, तिला वेगळं अस्तर नसतं.

वाकळवाली_पेडणे
आमच्याकडे दोन्हीला वाकळच म्हणतात.

केपेंकार
म्हणत असतील, पण बनावट वेगळी आहे आणि धुण्याच्या दृष्टीने तोच मुद्दा आहे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडच्या सिद्दी बायकांची कवंदी बघा. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेले आफ्रिकी लोक पळून घाटावरच्या रानांत गेले, त्यांचे हे वंशज. कवंदी शिवताना कडेपासून सुरुवात करतात, तुकड्याची कड आत दुमडत दुमडत गोल फिरून मध्यापर्यंत येतात. वेगळा गोट लागतच नाही. कोपऱ्यांत कापडाचे दुमडलेले त्रिकोण लावतात, त्यांना फुलं म्हणतात. सगळं कापड वापरलेलं, म्हणून आटायची भीती नाही आणि रंगाची भीतीही फार कमी. आबोलीताईंच्या गोधडीत दोनच वस्तू नव्या आहेत, अस्तर आणि गोट. प्रश्न सगळ्या गोधडीचा नाही, त्या दोन वस्तूंचा आहे.

आबोली_फोंडा
रंगारीदादांनी सांगितल्याप्रमाणे केलं. पाणी सोलकढीसारखं झालं. फडक्यावरही गुलाबी डाग, तुकड्याच्या चौकडीसकट उमटला आहे. तीनदा नवं गरम पाणी घेतलं, तिसऱ्यांदाही रंग येतोच आहे.

रंगारी
मग आख्खी गोधडी पाण्यात नको. आणि चुकून भिजलीच, अस्तरावर रंग गेलाच, तर वाळू देऊ नका, इस्त्री तर नाहीच. बालदीऐवजी मोठा टब घ्या, गोधडी पाण्यात मोकळी तरंगली पाहिजे. सोसवेल इतकं गरम पाणी, चमचाभर पातळ साबण, १२ तास. पाणी रंगलं की बदलायचं, स्वच्छ येईपर्यंत. ओला असेपर्यंत डाग बहुतेक निघतो.

सुईदोरा_मडगाव
मी पहिल्यापासून सांगत होते, धुवू नका.

वाकळवाली_पेडणे
न धुता निळ्या पेनाच्या रेषांचं काय करणार? ती शाई साबणाच्या आधी नुसत्या थंड पाण्याने काढावी लागते. तिच्यावर आधी गरम इस्त्री फिरली किंवा सोडा असलेली साबणपूड लागली, तर ती पिवळट-तपकिरी होऊन कायमची बसते. आबोली, इस्त्री केली नाहीस ना? वरवर पाणी शिंपडलं तर शाई आतल्या धोतरात उतरते आणि वाळताना परत वर येते. म्हणून तर पूर्ण भिजवायची.

आबोली_फोंडा
इस्त्री केलेली नाही.

डिचोलीची_मावशी
विहिरीच्या पाण्यात धुवू नको हां. जांभ्या दगडातल्या पाण्यात लोखंड असतं, पांढरं कापड पिवळं पडतं. त्यात ब्लीच घातलं तर गंजाचे डाग. नळाचंच पाणी घे.

म्हापसेकर
पावसात वाळवणार कशी, हे कोणी सांगितलं नाही. हवेत एवढा दमटपणा असताना जाड कापड एक-दोन दिवस ओलसर राहिलं की बुरशीचे काळे ठिपके येतात, ते निघत नाहीत. मशीनमध्ये नुसतं स्पिन केलं तरी अर्धं काम होतं. नाहीतर एसीचा ड्राय मोड लावून बंद खोलीत ठेवा.

केपेंकार
एसी नसेल तर दोन दोऱ्या फूटभर अंतरावर बांधून गोधडी दोन्हींवरून टाकायची, म्हणजे मध्ये पोकळी राहते आणि वारा आत जातो. खाली टेबलफॅन, दर दोन तासांनी बाजू बदलायची. कोपऱ्याला चिमटे लावून लोंबकळत ठेवू नका. ओली गोधडी दोन किलोच्या वर जाते, सगळा भार चार टाक्यांवर येतो.

आणि धुवा नाहीतर न धुवा, देण्याआधी दोन्ही बाजूंनी चुंबक फिरवा. फ्रिजवर लावायचं चालतं, पण हळू, बोटभर अंतराच्या पट्ट्या धरून. धावदोऱ्यात सुईचं टोक मोडलं तर कळत नाही आणि ते आत राहतं.

सुईदोरा_मडगाव
गोट उसवून धुवा आणि परत लावा. सगळ्यात सोपं.

रंगारी
तिसऱ्या पाण्यालाही रंग देणारं कापड बाळाच्या वस्तूला परत लावू नये. पुढे बहीण धुणार तेव्हा तेच होणार. गोट उसवा, अस्तर हाताने धुवून घ्या, दुसऱ्या पक्क्या रंगाचा नवा गोट लावा. तोही आधी धुवून.

आबोली_फोंडा
सगळ्यांनी वेळ काढून लिहिलंत, देव बरें करूं. ठरवलंय ते सांगते.

तांबडा गोट उसवते आहे. त्याच्या जागी आईच्या जुन्या साडीचा हिरवा काठ. गोधडीचा घेर १६८ इंच, कोपरे आणि शेवटचा जोड धरून १८० लागेल. साडी साडेपाच मीटर, म्हणजे एका बाजूचाच काठ २१६ इंच, मध्ये कुठे जोड येणार नाही. शेकडो वेळा धुतलेला आहे, रंग जायचा प्रश्न नाही.

गोधडी आत्ता धुणार नाही. त्याच साडीचा अभ्रा शिवते, एका बाजूला बांधायचे बंद असलेला. बाळाच्या अंगाला अभ्राच लागेल, रोज धुता येईल, लवकर वाळेल. दिवाळीच्या सुमाराला ऊन पडलं की बहीण गोधडी धुवेल. तेव्हा आटली तर आटू दे, अभ्रा थोडा सैल होईल एवढंच. निळ्या रेषा गोट निघाल्यावर थंड पाण्याच्या फडक्याने टिपून काढते, परत वर आल्या तर परत टिपते.

वाकळवाली_पेडणे
बाय, हे काही बरोबर नाही. खळ आत तशीच राहिली. दिवाळीपर्यंत दमट हवेत कसर लागली तर अस्तराला भोकं पडतील. गोट निघालाच आहे तर आता भीती कसली? धुवून टाक.

सुईदोरा_मडगाव
अभ्र्यात घातल्यावर तुमचे टाके दिसणार कोणाला? एवढी मेहनत झाकून ठेवायची?

आबोली_फोंडा
बारशाला अभ्रा काढून दाखवीन. कसरीसाठी कडुलिंब ठेवते. पण या पावसात अर्धवट वाळलेली गोधडी बाळाकडे पाठवायला मन होत नाही.

केपेंकार
काठ किती रुंद कापताय? साडीचा काठ जाड असेल तर कोपऱ्यात गोळा होतो.

आबोली_फोंडा
अडीच इंच, मध्ये दुमडून सव्वा. कोपऱ्यात ४५ अंशात दुमडून आतली जादा घडी कापते.

केपेंकार
बरोबर. गोधडीच्या कडा सरळ आहेत, त्यामुळे काठ तिरका कापायची गरज नाही. पण लावताना ओढू नका, सैल हाताने टाचून घ्या, नाहीतर कड चुणते.

आबोली_फोंडा
गोट उसवून झाला. मग चुंबक फिरवलं. डाव्या कोपऱ्यापासून चार बोटांवर ते अडकलं. मोडलेल्या सुईचं टोक होतं, अर्ध्या इंचापेक्षा लहान, धोतराच्या दोन थरांमध्ये आडवं. वरून हात फिरवून काहीच लागत नव्हतं. पाच टाके उसवून काढलं, परत शिवलं. आता दुसऱ्या बाजूने फिरवते आहे.