आजारी सासऱ्यांची सही घरून आणली तर नोटरी चालते का?

अक्षता_ज:
नमस्कार मंडळी, नोटरीबद्दल एक शंका आहे, कोणी वकील किंवा अनुभवी असेल तर प्लीज सांगा. सासरे अंथरुणाला खिळलेत, डोकं एकदम शाबूत आहे पण खुर्चीत बसवायलाही दोन माणसं लागतात आणि उजवा हात थरथरतो त्यामुळे सही दर वेळी वेगळीच येते. बँकेची, सोसायटीची सगळी कामं अडलीत म्हणून नवऱ्याच्या नावाने कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करायचं ठरलंय, पुढेमागे त्यांचा जुना फ्लॅट विकायचाय तर तेही त्यातच घालून टाकू असं घरात चाललंय. आता कोर्टाबाहेर टेबल टाकून बसतात ना, त्यातला एकजण म्हणाला की आजोबांना आणायची काही गरज नाही, कागद घरी न्या, सही घ्या, आधारची झेरॉक्स जोडा, मी शिक्का मारून आणतो. ऐकायला सोयीचं आहे पण मनाला पटत नाहीये. असं चालतं का? आणि सहीऐवजी अंगठा घेतला तर?

बापू:
चालतं म्हणजे काय, सर्रास चालतं. माझ्या ओळखीत निम्म्या लोकांनी अशाच नोटऱ्या केल्यात. कोण बघायला येतंय? गोल शिक्का आहे ना बघतात आणि फाइलला लावतात.

काळा_कोट:
बापू, कोणी बघत नाही तोवर चालतं, आणि बघायची वेळ येते ती नेमकी भाऊबंदकी सुरू झाल्यावर.

ताई, नोटरी कशाची खात्री देतो ते आधी बघा. कागदातला मजकूर खरा आहे याची तो खात्री देत नाही. अमुक माणूस अमुक तारखेला माझ्यापुढे हजर होता, त्याची ओळख पटली आणि त्याने माझ्यासमोर सही केली, एवढंच. मग माणूसच समोर नसेल तर त्या शिक्क्यात उरलं काय? प्रत्येक नोटरीला रजिस्टर ठेवावं लागतं, त्यात नोंद करून तिथेही तुमची सही किंवा अंगठा घेतात आणि त्या नोंदीचा नंबर कागदावर टाकतात. उद्या कोणी कोर्टात म्हणालं की ही सही वडिलांची नाहीच, तर समोरचा वकील पहिलं ते रजिस्टर मागवणार, आणि घरून आणलेल्या कागदाची तिथे एकतर नोंदच सापडत नाही किंवा भलत्याचीच सही असते.

सरळ नोटरीलाच घरी बोलवा. नोटरी नियम १९५६ मध्ये फीबरोबर प्रवासखर्च घ्यायचीही सोय आहे, म्हणजे घरी येणं ही काही मेहेरबानी नव्हे. फीचा बोर्ड ऑफिसात दिसेल असा लावायचा आणि पैशाची पावती द्यायची हेही त्याच नियमांत आहे, बोर्ड मी क्वचितच पाहिलाय तो भाग वेगळा. पावती मात्र मागा.

अंगठा चालतो. हात थरथरत असेल तर उलट तोच बरा, सही जुळत नाही म्हणून बँकवाले नंतर खोड काढतात त्यापेक्षा. अंगठ्याखाली कोणाचा, कुठल्या हाताचा ते लिहायचं, आणि मजकूर मराठीत वाचून दाखवला व त्यांना समजला असं वाक्य घालायचं. दोन साक्षीदार घ्या, शक्यतो ज्याच्या नावाने मुखत्यारपत्र होतंय त्याच्या घरचे नकोत. आणि माणूस शुद्धीत आहे, व्यवहार समजतोय असा डॉक्टरांचा त्याच सुमाराचा दाखला घेऊन ठेवा, कायद्याने मागितला नसला तरी पुढे लाखमोलाचा ठरतो.

आता फ्लॅट. तो यात घालू नका. विक्रीचं खरेदीखत नोंदणी कायदा १९०८ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडे (सब-रजिस्ट्रार) रजिस्टर व्हायला लागतं आणि तिथे सासऱ्यांच्या वतीने दस्त हजर करायचा असेल तर त्यांचं मुखत्यारपत्रही निबंधकापुढेच झालेलं लागतं, भारतात राहणाऱ्या माणसाचं नुसतं नोटरी केलेलं तिथे चालत नाही. अंथरुणावरच्या माणसासाठी दुय्यम निबंधक घरी येऊ शकतात, गृहभेटीचा अर्ज करायचा, फी वेगळी पडते. बँक आणि सोसायटीसाठी एक आणि फ्लॅटसाठी दुसरं असं वेगळंच करा. बँकेत मात्र आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी त्यांचा स्वतःचा नमुना असतो आणि तुमचा कागद कितीही चांगला असला तरी तोच मागतात.

सुलू:
वकीलसाहेब याच धाग्यात विचारते, चालेल ना? माझी बहीण परदेशात असते, तिला तिथल्या नोटरीपुढे करून पाठवायचंय, इथे जमिनीच्या कामाला. की तिला यावंच लागेल?

काळा_कोट:
यायची गरज नाही. भारताबाहेर राहणाऱ्यासाठी नियम वेगळा आहे, तिथल्या नोटरी पब्लिकपुढे किंवा आपल्या वकिलातीत केलेलं मुखत्यारपत्र निबंधकाकडे चालतं. नोटरीकडून केलं तर त्यावर त्या देशाचं अपॉस्टिल (नोटरीची सही आणि शिक्का खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) करून घ्या, म्हणजे त्या देशाने अपॉस्टिलचा हेग करार मानलेला असेल तर (भारतही २००५ पासून त्यात आहे). आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, तो कागद महाराष्ट्रात हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्युटी भरायची. कुरिअरचं पाकीट फेकू नका, कधी आलं ते त्यावरूनच दाखवता येतं.

अक्षता_ज:
खूप खूप धन्यवाद, फ्लॅटचं तर आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. अजून एक, घरी येणारा माणूस खरंच नोटरी आहे हे कसं ओळखायचं? टेबलवाल्याकडे तीन चार शिक्के होते, कुठला कोणाचा देव जाणे.

निवृत्त_कारकून:
मी देतो याचं उत्तर, असले कागद तपासण्यात नोकरी गेली. शिक्का गोल, साधा, पाच सेंटीमीटर व्यासाचा असायला पाहिजे. त्यावर नोटरीचं नाव, नेमणुकीचं क्षेत्र, नोंदणी क्रमांक, कडेने नोटरी हा शब्द आणि केंद्र की राज्य, कुठल्या सरकारने नेमलं ते असतं. क्षेत्र वाचा बरं का, दुसऱ्या जिल्ह्यापुरता नेमलेला राज्याचा नोटरी तुमच्या घरी येऊन शिक्का मारायला लागला तर तिथेच थांबवा. मग सर्टिफिकेट बघा, ते पाच वर्षांचं असतं, मुदत संपली असेल आणि नूतनीकरण नसेल तर तो नोटरीच नाही. दाखवा म्हणायला लाजू नका, खरा असेल तो दाखवतो. आणि नोटरी व्हायला वकिलीची दहा वर्षं लागतात, महिला आणि मागासवर्गीयांना सात, त्यामुळे कोवळं पोरगं शिक्का घेऊन आलं तर साहेब कुठायत विचारायचं. टेबलवाला असिस्टंट साहेबांचा शिक्का खिशात घेऊन फिरतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय, साहेबांनी आधीच सह्या करून ठेवलेले कोरे कागदसुद्धा.

कागद हातात आला की प्रत्येक पानावर शिक्का आणि सही आहे का, तारीख त्याच दिवसाची आहे का, रिकाम्या जागा आडवी रेघ मारून बंद केल्यात का, खाडाखोड असेल तिथे दोघांच्या सह्या आहेत का, एवढं घरीच बघून घ्या, नोटरी निघून जायच्या आत. मागची तारीख टाकून देतो म्हणाला तर चहा पाजून वाटेला लावा.

बापू:
मग आमचा भाडेकरार पण गेला की काय? तोही नोटरीच केलाय, ११ महिन्यांचा.

काळा_कोट:
महाराष्ट्रात असाल तर गेलाच समजा. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ ने लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे तुमच्यासारखा भाडेकरार, लेखी आणि रजिस्टर करायला लागतं, ११ महिने असो की ११ दिवस. जबाबदारी घरमालकाची. रजिस्टर नसेल आणि भाडेकरू म्हणाला की अटी अशा नव्हत्या, तर खोटं ठरेपर्यंत त्याचंच धरतात, वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुम्ही मालक की भाडेकरू?

बापू:
मालक 😐