मदत हवी आहे : वरिष्ठांना ‘नाइस वर्क’ लिहावे का?
नमस्कार. इंग्रजीतील ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधील ‘अज्ञानी’ अशा अर्थाच्या शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे आला, मध्ययुगात तो चक्क ‘मूर्ख’ या अर्थाने वापरला जाई आणि ‘छान’ हा अर्थ त्याला 18व्या शतकात चिकटला, एवढे वाचून माहीत आहे. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे सूक्ष्म भेद, हेही ठाऊक आहे. अडचण व्यवहारातली आहे. वरिष्ठांनी पाठवलेल्या उत्तम अहवालाची पोच देताना ‘नाइस वर्क, सर’ असे लिहिले, तर ती मनापासूनची दाद न वाटता धाकट्याने थोरल्याची पाठ थोपटल्यासारखे वाटेल का? ‘एक्सलंट’ मला भडक वाटते, आणि नुसते ‘गुड’ तर वहीवरचा शेराच. इंग्रजीत नित्य पत्रव्यवहार करणाऱ्या जाणकारांनी, अशा वेळी आपण काय लिहिता ते, शक्यतो पूर्ण वाक्यासह, कृपया सांगावे.