पार्टनरचा ऑनलाइन जुगार सुटत नाहीये, आम्ही दोघी मुली आहोत, मदत हवी आहे

नाव न देता लिहितेय. मी आणि माझी पार्टनर पुण्यात एकत्र राहतो, तिच्या घरच्यांसाठी मी रूममेट. ती ऑनलाइन रमी खेळायची, ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या गेम्सवर बंदीचा कायदा आला तेव्हा मला वाटलं सुटलो, पण ती बाहेरच्या कुठल्यातरी बेटिंग साइटवर गेली, लिंक टेलिग्रामवर येते आणि पैसे दरवेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर जातात, तक्रार तरी कोणाची करायची?

ती हावरट नाहीये, प्लीज तसं कोणी लिहू नका. आईचा फोन आला, अमुक स्थळ आलंय म्हणून, की त्या रात्री हमखास खेळते, म्हणते तेवढा वेळ डोक्यात काहीच नसतं. आता लोन ॲपवाले धमकी देतात की कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना फोन करू. कर्जाचं कळलं तर एकवेळ चालेल, पण चौकशीत आमचं नातं बाहेर आलं तर, या भीतीने ते फेडायला परत खेळते.

एका काउन्सेलरकडे गेलो होतो, त्या म्हणाल्या लग्न झालं की जबाबदारी येते, सुटेल सवय. तेव्हापासून ती कोणाकडे यायलाच तयार नव्हती. समलैंगिकता आजार नाही हे इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१८ मध्येच सांगितलंय, जुगाराचं व्यसन मात्र आजार आहे, त्यावर बोला ना! मध्यंतरी रात्री टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, मीच फोन केला, मराठीत नीट बोलले, खूप धीर आला.

तर पुण्या-मुंबईत जुगाराच्या व्यसनावर काम करणारं आणि आम्हाला जोडपं म्हणून बघणारं कोणी माहितीये का? मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात दारूशिवाय यासाठीही घेतात का, फॅमिली मीटिंगला मी बसले तर चालतं का? मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ नुसार ती साध्या कागदावर लिहून मला नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्ह (उपचारांच्या निर्णयात तिच्या बाजूने उभी राहणारी व्यक्ती) नेमू शकते, त्याला नातं लागत नाही, पण हॉस्पिटलवाले प्रत्यक्षात मानतात का?

आणि पैशांचं. ती स्वतःहून म्हणतेय माझा पगार तू सांभाळ. अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय की आपल्यासारख्या जोडप्यांना जॉइंट अकाउंटला आडकाठी नाही, पण दोघींच्या सहीशिवाय पैसे निघणारच नाहीत असं अकाउंट कोणी उघडलंय का?

ती आत्ता तयार आहे, म्हणून घाई करतेय. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.