कांटला बगल देऊन थेट हायडेगर?

अजिंक्यतारा: साताऱ्या-सांगलीत बीए तत्त्वज्ञान करून एमएला जाणारी मुलं कॉन्टिनेंटलची, म्हणजे युरोप खंडातल्या आधुनिक तत्त्वज्ञानाची, सुरुवात फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रच्या १९४५च्या अस्तित्ववादावरच्या (माणूस आधी अस्तित्वात येतो, मग स्वतःला घडवतो, या मतावरच्या) व्याख्यानाने करतात. सोपं आहे ना! मग जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरलाही त्याच पोत्यात भरतात. हायडेगरने १९४७च्या मानवतावादावरील पत्रात सार्त्रशी असलेलं हे नातं झटकलंय. आधी कांट, मग हेगेल, हुसर्ल, हे त्याच्या आधीचे तत्त्वज्ञ वाचा. हायडेगर त्यानंतरच.

कृष्णाकाठ: चार सेमिस्टरांत? कांटने ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’च्या १७८७च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘डिडक्शन’ (बुद्धीच्या मूळ संकल्पना अनुभवाला का लागू होतात, हे सिद्ध करणारं प्रकरण) पुन्हा नव्याने लिहिलं, ते वाचता वाचताच पहिलं सेमिस्टर संपेल. हायडेगरचं ‘बीइंग अँड टाइम’ सरळ कलम १५ ते १८ पासून धरा. तिथलं उदाहरण साधं: हातोडा नीट चालतोय तोवर त्याच्याकडे लक्षच जात नाही. मोडला की तो नुसती वस्तू म्हणून समोर येतो. यात कांट कुठे लागला? एका बैठकीत चार-पाच पानं, आणि प्रत्येक परिच्छेदाला वहीत एक ओळ: इथे कुणाचं काय खोडलंय?

अजिंक्यतारा: ‘कुणाचं’ हेच तर कळणार नाही. त्याच पुस्तकातली कलम १९ ते २१ फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तवर आहेत. कलम ४३ घ्या. बाह्य जगाचा पुरावा नाही ही तत्त्वज्ञानाची नामुष्की, असं कांट म्हणतो. हायडेगर म्हणतो, असा पुरावा पुन्हापुन्हा मागणं हीच नामुष्की. पहिली बाजू न वाचता दुसरी टाळ्या घेणारं वाक्य ठरते, आणि सेमिनारचा पेपर त्याच वाक्यावर संपतो.

कृष्णाकाठ: मान्य, पण त्यासाठी अख्खा कांट कशाला? दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना आणि बी २७४पासूनचं (‘बी’ म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचं पान) चिद्वादाचं, म्हणजे मनाबाहेरच्या जगाबद्दल शंका घेणाऱ्या मताचं, खंडन पुरे.

अजिंक्यतारा: त्याच ग्रंथातला ‘ईस्थेटिक’ हा भागही. अवकाश-काळ त्याशिवाय समजत नाहीत. हेगेल वाचलात तर त्याच्या ‘फेनॉमेनॉलॉजी’ या ग्रंथाचा प्रीफेस शेवटी वाचा, त्यानेही तो शेवटीच लिहिला.

वाईचा वाटसरू: दोघेही नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, विसरलात. दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण. त्यात भारतीय दर्शनं, ग्रीक, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र सगळं. तिथे कलम ४३ कोण विचारतंय? त्यापुरता आमच्या वाईचा विश्वकोश चाळा.

कृष्णाकाठ: नोंदी ओळखीपुरत्या ठीक, युक्तिवाद मूळ पानावरच सापडतो. आणि संदर्भ देताना समासातले आकडे द्या: कांटचे ए-बी (पहिल्या-दुसऱ्या आवृत्तीची पानं), हायडेगरचे जर्मन पानांचे. नुसता आपल्या प्रतीचा पान नंबर दिला, तर दुसरी आवृत्ती घेऊन बसलेला वर्गात शोधतच राहतो.