मदत हवी आहे: खुडणीत घाम, मळमळ, चक्कर. तंबाखू लागली की हृदय?

वेदगंगाकाठ
निपाणी-कागल पट्ट्यातल्या बिडीतंबाखूच्या गावांसाठी विचारतोय. शेंडे खुडताना, बगलफूट (पानांच्या बगलेतले कोंब) काढताना बायकांना मळमळतं, घाम फुटतो. ‘तंबाखू लागली’ म्हणून लिंबूपाणी देऊन झोपवतात. त्यात पन्नाशीपुढच्या, मशेरी लावणाऱ्या बऱ्याच आहेत. हृदयाचा त्रास असेल तर ओळखायचा कसा? रक्तदाब तपासणीही ठेवायची आहे.

गावदवाखाना
दवाने ओल्या पानांतलं निकोटिन कातडीतून रक्तात जातं. त्याचा त्रास बहुधा काही तासांनी, संध्याकाळी-रात्री सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. पण मशेरीवालीच्या अंगाला निकोटिन सवयीचं असतं, तिला पान सहजी लागत नाही. म्हणून तीच एकाएकी घामाघूम झाली, ओकली, धाप लागली, जबडा किंवा पाठ दुखू लागली, तर पानावर ढकलू नका. बायकांना छातीत कळ न येताही हृदयाचा झटका येतो. चालवू नका, १०८ बोलवा. पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि त्रास चालूच असला, तर पुन्हा काढायला सांगा. लाळ गळत असेल, बाहुल्या बारीक झाल्या असतील तर फवारणीची विषबाधा समजा आणि औषधाचा डबा सोबत न्या.

वेदगंगाकाठ
फार उपयोग झाला. रक्तदाबाचं काय? रांगेतच मशेरी लावत बसतात.

तपासणीताई
मग आकडा चढाच येणार. चूळ भरायला लावा, मशेरी-चहानंतर अर्धा तास जाऊ द्या. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता बसू दे. पोलक्याची घट्ट बाही वर सरकवली की दंड आवळतो आणि आकडा चुकतो. बाही काढूनच पट्टा बांधा. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. १४०/९० किंवा वर आला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघून मग डॉक्टरांकडे पाठवा. १८०/१२० च्या वर आणि सोबत धाप, छातीत दुखणं असेल तर लगेच दवाखाना. साखरही तपासा.

आणि ‘तंबाखू खाता का?’ असं विचारू नका, ‘नाही’च म्हणतील. मशेरी त्यांच्या लेखी दात घासणं असतं. ‘मशेरी दिवसातून किती वेळा?’ असं नाव घेऊन विचारा. सोडायची तयारी असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर द्या.

गावदवाखाना
खुडणी दव वाळल्यावरच. पूर्ण बाह्या, रबरी हातमोजे, जेवणाआधी साबणाने हात. ओलं लुगडं अंगावर वाळवू नये.